भावोजींचा लाल रंग

ताईचा फोन आला तेव्हा मी मकरपुऱ्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसून भावोजींवरच चिडले होते. सकाळच्या शिफ्टच्या गाड्या कामगारांना सोडून परत येऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि माझ्यासमोर पडद्यावर आमच्या नावापुढे तो लाल ठिपका. "नंदा, हे उठत नाहीयेत," ताई म्हणाली. मी म्हटलं, "अगं उठव त्यांना! आज गाडी पासिंगला न्यायची आहे. नेमके आजच कसे लोळत पडलेत?" ताईने पुन्हा तेवढंच म्हटलं, उठत नाहीयेत गं... आणि मग मला कळलं. मी हरणीला ताईच्या घरी पोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच हृदय थांबलं म्हणाले. सोसायटीतली मंडळी हळहळत होती, पुण्यवान माणूस, कुणाला त्रास न देता गेला. त्रास न देता! मला, खरं सांगते, रडू येण्याआधी राग आला. आयुष्यभर ज्या माणसाने आमचा जीव नकोसा केला, तो जाताना एक अर्धवट भांडण माझ्या पदरात टाकून निघून गेला होता. आज महिना उलटला तरी तो राग उतरलेला नाही. गेलेल्या माणसाची थोरवी सांगायची रीत आहे. मी त्यांचा ताप सांगणार आहे.

विनायक दळवी हे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मकरपुऱ्यात गुजराती रीतीने सगळे त्यांना दळवीभाई म्हणत. कारखान्यांतल्या लोकांना घरून आणायचं आणि पाळी संपली की घरी सोडायचं, असा त्यांचा सहा-सात बसगाड्यांचा धंदा. माझे यजमान रेल्वेतून निवृत्त झाले, मुलं आपापल्या मार्गाला लागली, तेव्हा भावोजी एकदा रावपुऱ्यात आमच्याकडे चहाला आले आणि म्हणाले, "नंदे, खिडकीत बसून शेजारणींच्या कागाळ्या ऐकण्यापेक्षा माझं ऑफिस सांभाळ. भांडायची हौस तिथे भागेल." ती अशी काही भागली की विचारू नका. परवाने, विमे, ड्रायव्हरांच्या रजा, वाहतूक खात्याकडे जाणारे सगळे कागद माझ्याकडे. आणि गाड्या त्यांच्याकडे. गाड्यांच्या बाबतीत कुणी मध्ये बोललेलं त्यांना खपत नसे.

यामागे एक कारण होतं, ते त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही, ताईकडून कळलं. तरुणपणी ते अशाच एका कारखान्यात नोकरीला होते आणि अशाच एका बसने जायचे. एका सकाळी त्या बसचे ब्रेक लागले नाहीत आणि ती वळणावर झाडावर जाऊन आदळली. भावोजींच्या शेजारी बसलेला मित्र जागच्या जागी गेला. भावोजींचा हात मोडला. पुढे चौकशी झाली तेव्हा निघालं की गाडी आठवड्यापूर्वीच पासिंगला पास झालेली होती. सगळे कागद चोख. त्यानंतर त्यांनी नोकरी सोडली आणि कर्ज काढून एक जुनी बस घेतली. घरच्यांना वाटलं, याच्या डोक्यावर परिणाम झाला. ताई तेव्हा नवी नवरी. ती म्हणाली, घेऊ दे.

आता पासिंग म्हणजे काय, ते ज्यांना गाडीशी कर्तव्य नाही त्यांच्यासाठी सांगते. धंद्याच्या गाडीला ठरावीक मुदतीनंतर खात्याच्या तपासणी केंद्रात नेऊन दाखवावं लागतं. ब्रेक, टायर, दिवे, स्टिअरिंग सगळं बघतात आणि ठीक असेल तर पुढच्या मुदतीची परवानगी मिळते. आमच्या भागात याची एक रूढ पद्धत आहे. पासिंगच्या आदल्या दिवशी गाडीचे झिजलेले टायर उतरवायचे आणि चांगले टायर चढवायचे. विकत घेऊन नव्हे, भाड्याने! एक गॅरेजवाला खास त्याच कामासाठी एक जोड बाळगून आहे. तेच टायर आज या बसला, उद्या त्या बसला, परवा तिसऱ्याच्या ट्रकला. तपासणारे साहेबही त्या टायरांना आता ओळखत असतील. पास झालं की टायर परत, आणि गाडी पुन्हा आपल्या जुन्या चपलांत. कुणाला यात काही चोरी वाटत नाही. पाहुणे येणार म्हणून चादर बदलावी, तसं.

भावोजी हे करायचे नाहीत. बरं, त्यांचे टायर झिजलेले असायचे असंही नाही, इतरांपेक्षा बरेच असायचे. पण पासिंगच्या आधी गाडीला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. "काल जशी लोकांना घेऊन धावली तशीच दाखवायची," म्हणायचे. "धुवायची पण नाही?" मी विचारायचे. "धू की. ब्रेकला हात लावू नको म्हणजे झालं." मग व्हायचं ते व्हायचं. एकदा मागच्या एका चाकाचा ब्रेक कमी धरतोय निघालं, एकदा स्टिअरिंगमध्ये ढिलाई निघाली, एकदा आग विझवायच्या डब्याची मुदत संपलेली निघाली. गाडी नापास. बाकी मालक बाहेर चहाच्या टपरीवर हसायचे, आणि आमचा हा हरिश्चंद्र नापासाचा कागद हातात घेऊन हसतमुखाने बाहेर यायचा. "बघ नंदे, सापडलं ना! आपल्या मिस्त्रीला दोन महिन्यांत दिसलं नव्हतं." जणू पोराचा नंबर आलाय.

तोपर्यंत हे सगळं घरातलं होतं. नापास झाली तर दुरुस्त करा, पुन्हा न्या, एक दिवस बुडाला, इतकंच. मग खात्याने गुणांची पद्धत आणली आणि आमचं ग्रहमान फिरलं. हे गुण शाळेतल्यासारखे नव्हेत बरं का. इथे गुण जितके जास्त तितके तुम्ही धोकादायक. पासिंगला दोष निघाला, की मालकाच्या नावावर गुण. रस्त्यात खात्याच्या पथकाने अडवलं आणि काही सापडलं, की गुण. वेगाचं चलन आलं की गुण, ड्रायव्हरला जास्त तास चालवायला लावलं की गुण. ब्रेक-स्टिअरिंगचा दोष जड, फुटलेला दिवा हलका. दोन-तीन वर्षं झाली की जुने गुण हळूहळू विरतात. या सगळ्याची बेरीज करून कॉम्प्युटर मालकाला रंग देतो, हिरवा, पिवळा नाहीतर लाल. लाल असेल त्याच्या गाड्या रस्त्यात जास्त अडवायच्या, हिरव्याला सुखाने जाऊ द्यायचं. माणसं कमी, गाड्या अमाप, तेव्हा धोका असेल तिकडे आधी बघावं. कल्पना वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण कॉम्प्युटरला सापडलेला दोष दिसतो, लपवलेला कसा दिसणार? ज्याच्या गाडीत कधी काही सापडलंच नाही त्याचे गुण शून्य, आणि शून्य म्हणजे हिरवा. भाड्याच्या टायरवाले सगळे हिरवेगार, आणि मकरपुऱ्यात लाल कोण, तर आमचे भावोजी! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. त्यात लाल झाल्यावर आमच्या गाड्या उठसूट अडवल्या जायला लागल्या, आणि अडवून बघितलं की दहा वर्षांच्या बसमध्ये काही ना काही निघणारच. की पुन्हा गुण. चिखलात रुतलेल्या माणसासारखं झालं, हलला की आणखी खाली.

बरं, शहाण्या माणसाने यावर गप्प राहावं ना? खात्याने एकदा मालकांची सभा बोलावली, नव्या पद्धतीबद्दल सूचना द्या म्हणून. सगळे सांगत होते, दंड कमी करा, मुदत वाढवा. भावोजी उठले आणि आपल्या त्या मराठी वळणाच्या गुजरातीत म्हणाले, साहेब, तारीख सांगून तपासू नका, न सांगता आमच्या आवारात या आणि उभ्या गाड्या तपासा, मग तुमचे रंग खरे होतील. सगळ्या सभेच्या माना त्यांच्याकडे वळल्या! मी मागच्या रांगेत पदराने तोंड झाकून बसले होते. सभेनंतर नाश्ता होता, त्यांच्या शेजारी कुणी उभं राहीना. मला म्हणतात, "ढोकळा बरा आहे, घेतलास का?"

आणि तो दुसरा प्रसंग... रमणभाई हा आमचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. माणूस देवासारखा, पण हायवेला लागला की पाय जड होतो. भावोजींनी त्याला दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. मग काय करावं? मालकाने ड्रायव्हरला चार शिव्या द्याव्यात, पगार कापावा. यांनी पथकाला फोन करून आपल्याच बसची वेळ आणि रस्ता सांगितला! पथकाने अडवलं, वेग मोजला, आणि गाडी कुणाची ते बघून तो अधिकारी बिचारा ओशाळला. भावोजी स्वतः तिथे स्कूटर लावून उभे. अधिकारी म्हणतो, "दळवीभाई, जवा दो ने, तमारी ज गाडी छे!" जाऊ द्या म्हणे, गाडी तुमचीच आहे. हे म्हणतात, "म्हणूनच पावती फाडा." संध्याकाळी रमणभाई ऑफिसात येऊन तोंड फिरवून बसला, मी कपाळाला हात लावून बसले, आणि भावोजी आम्हा दोघांसाठी शेव-उसळ घेऊन आले. मी म्हटलं, "भावोजी, याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात." म्हणाले, "अवलक्षण असेल तर दिसलेलं बरं. तर्री घे." पण एक सांगायला हवं, रमणभाई त्यानंतर कधी वेगात सुटला नाही. त्या पावतीचे गुण मात्र आमच्या नावावर चांगली दोन वर्षं बसून राहिले.

इथवरही मी सोसलं. पण गेल्या वर्षी पंप बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्याने, ज्याच्यावर आमच्या निम्म्याहून जास्त गाड्या चालतात, नवा नियम काढला. पुढचा करार फक्त हिरव्या रंगाच्या मालकाशी. तिथले पटेलसाहेब भले गृहस्थ, भावोजींना वर्षानुवर्षं ओळखणारे. त्यांनी स्वतः बोलावून सांगितलं की वरून हुकूम आहे, माझ्या हातात काही नाही, कसंही करा पण कराराच्या आधी रंग बदला. म्हणजे करार गेला की चार बस बंद, चार ड्रायव्हर घरी, आणि उरलेल्या गाड्यांवर कर्जाचे हप्ते फिटणार नाहीत. सगळा डोलारा खाली. मी हिशोब करून बघितला. जुने गुण विरत आले होते. येत्या दोन पासिंगला गाड्या निर्मळ पास झाल्या असत्या तर आम्ही लालवरून पिवळ्यावर आणि कदाचित हिरव्यावर आलो असतो. फक्त दोन पासिंग! पहिल्या पासिंगच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे ते गेले त्याच रात्रीच्या आधी, मी त्यांना हात जोडले. म्हटलं, "भावोजी, एकदाच. नेण्याआधी मिस्त्रीला सगळं उघडून बघू दे, जे सापडेल ते आपणच नीट करू आणि मग नेऊ. भाड्याचे टायर नकोत तर नकोत. यात खोटं काय आहे?" त्यांनी टेबलावरचे कागद एकावर एक नीट रचले. मग म्हणाले, "खोटं नाही गं. पण मग मला कसं कळणार, एरवी ती कशी धावते?" मी म्हटलं, "आणि रमणभाईच्या घरी चूल कशी पेटेल ते कळलं नाही तरी चालेल ना तुम्हाला?" हे त्यांना लागलं. लागावं म्हणूनच मी बोलले होते. ते उठले, चप्पल घातली आणि दारातून म्हणाले, "उद्या सकाळी मी स्वतः नेतो गाडी. बघू." त्या "बघू"चा अर्थ काय होता... मिस्त्रीला बोलावणार होते की नव्हते, हे मला आता कधीच कळणार नाही. गाडीला हात लागला होता का? नव्हता. पण सकाळी लवकर लावायचा असं त्यांच्या मनात असेल, नसेलही. अशा माणसाला काय म्हणावं!

आणि आता ऐका. ताईने डॉक्टरांना विचारलं, असं अचानक कसं हो झालं? डॉक्टर म्हणाले, अचानक नसावं, पायऱ्या चढताना दम लागत असेल, यांच्या आधीच्या तपासण्यांचे कागद दाखवा. कागदच नव्हते. साधी साखरसुद्धा कधी तपासलेली नव्हती. ताई किती वर्षं मागे लागली होती, पण "मला काय धाड भरलीय" हे ठरलेलं उत्तर. ज्या माणसाने प्रत्येक बस आहे तशी, न सजवता तपासणीला नेली, त्याने स्वतःची पासिंग एकदाही केली नव्हती. कागदोपत्री भावोजी ठणठणीत. कुठेही काही सापडलेलं नाही, म्हणजे सगळं हिरवं. त्या दिवशी मी बाहेरच्या खोलीत जाऊन मोठ्याने म्हटलं, "मेल्या शहाण्या!" ज्यांच्याशी कधी एकेरीत बोलले नाही, त्यांना एकेरीत म्हटलं. सोसायटीतल्या बायका बघत राहिल्या.

तेरावं झालं. धंदा थांबवता येत नाही, तेव्हा गाड्या आणि परवाने ताईच्या नावावर करायला दिले. ते काम झाल्यावर एका दुपारी मी पडद्यावर ताईचं नाव घातलं. वाटलं होतं, लाल दिसेल आणि मग पटेलसाहेबांच्या हातापाया पडायला जावं लागेल. बघते तर हिरवा! डोळे चोळून पाहिलं, पुन्हा नाव घातलं. हिरवाच. गुण शून्य. भावोजींचं नाव घालून पाहिलं तर नोंद बंद. मी खुर्चीतून उठले तशी थेट हरणीला. म्हटलं, ताई, सुटलो आपण! करार मिळतोय! ताईने सगळं नीट ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाली, "उद्या मला त्या खात्याच्या ऑफिसात घेऊन चल."

मला वाटलं, सह्याबिह्या करायच्या असतील. खिडकीपाशी एक तरुण बाई होती, अगदी गोड बोलणारी. ताईने गुजरातीतच सुरुवात केली की माझ्या यजमानांच्या नावावर जे गुण होते ते माझ्या नावावर चढवा. त्या बाईला वाटलं ऐकण्यात चूक झाली. म्हणाली, "बेन, मालिक गुजरी जाय एटले रेकॉर्ड बंद. नवा मालिक, नवुं खातुं. तमने तो फायदो छे." म्हणजे मालक गेला की त्याची नोंद बंद, नव्या मालकाचं खातं कोरं, फायदा तुमचाच. मी ताईचा हात मागे ओढत होते. अगं बाई, लक्ष्मी चालून आलीय आणि तू तिला परत कुठे पाठवतेस! ताईने माझा हात झटकला. आणि मग तिचं गुजराती सुटलं, ती सरळ मराठीत बोलायला लागली, "माणूस गेला ते मला माहीत आहे. गाड्या कुठे गेल्यात? ब्रेक तेच आहेत, ड्रायव्हर तेच आहेत. इतकी वर्षं मी त्यांचं नाव लावते, त्यांचं घर माझं झालं, गाड्या माझ्या झाल्या, मग त्यांचे दोष तेवढे कुणाचे?" त्या बाईला मराठी किती कळलं कोण जाणे. पण तिने खरंच आत जाऊन साहेबांना विचारलं, परत आली आणि मान हलवली. तशी सोयच नाही. गेलेल्या माणसाचे गुण कुणालाही देता येत नाहीत.

परतीच्या रिक्षात मी ताईला बोल बोल बोलले. म्हटलं, एक वेडा गेला तर दुसरी तयार! तू खिडकीत काय बोलत होतीस तुला कळतंय का, तुझं ऐकलं असतं त्यांनी तर चार घरं बसली असती. ताई बाहेर बघत होती. शेवटी म्हणाली, "नंदा, ते गुण त्यांनी मिळवलेले होते गं. एकेक. या लोकांनी न बघताच ते पुसून टाकले."

पटेलसाहेबांकडे ताई स्वतः गेली आणि सगळं सांगून आली की हा रंग कसा आला, आमच्या गाड्या काल होत्या तशाच आहेत. पटेलसाहेब म्हणाले, बेन, आमच्या कागदावर फक्त आजचा रंग लागतो, आणि आज तुम्ही हिरव्या आहात. त्यांनी सही केली. भल्या माणसाने डोळे पुसत सही केली. करार झाला, चारही गाड्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी रमणभाई पेढ्यांचा डबा घेऊन ऑफिसात आला. ताई तिथेच होती. "बेन, मोढुं मीठुं करो," तोंड गोड करा, म्हणत त्याने डबा पुढे केला. ताई म्हणाली, "रमणभाई, तुमच्या घरी पगार जाणार, त्याचा मला आनंद आहे. पण हा रंग त्यांच्या जाण्याने आलाय, त्याचा पेढा माझ्या घशाखाली उतरणार नाही." रमणभाईचा हात तसाच राहिला आणि तो रडायला लागला, साठीचा माणूस, डबा धरून. मग मीच उठले. मी दोन पेढे उचलले, माझा एक आणि तिचा एक, आणि दोन्ही खाल्ले. कुणी तरी खायलाच हवे होते. चार वर्षं ज्या हिरव्या ठिपक्यासाठी मी त्या माणसाशी रोज भांडले, तो समोर पडद्यावर झळकत होता, आणि बाहेर आवारात ज्या गाड्या उभ्या होत्या, त्यांच्यातला एक नटसुद्धा कुणी बदललेला नव्हता.